पेन्सिलने ठेवलेला रकाना

जबाब. दिनांक १६ जुलै, वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

खाली सही करणारी मी, वय सव्वीस वर्षे, शिक्षण पदवीपर्यंत, धंदा नोकरी (शस्त्र-नोंद अहवाल शाखेत कंत्राटी सहायक), राहणार बस आगारामागच्या इमारतीत तिसरा मजला, भाड्याची एक खोली, एकटी. नाव आणि खोली क्रमांक माझ्या विनंतीवरून बंद पाकिटात वेगळे दिले आहेत. जखमी महिलेशी नाते: काही नाही. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगते ते असे की,

मी वरील शाखेत दोन वर्षे चार महिने काम करते. आमच्या शाखेचे काम कायदा राबवण्याचे नाही. तो किती राबवला गेला हे वर कळवण्याचे आहे. घरातल्याच माणसाकडून जिवाला धोका आहे असे कोर्टाला पटले की कोर्ट संरक्षणाचा आदेश काढते. त्या माणसाकडे परवान्याची शस्त्रे असतील तर ती सगळी तीन दिवसांत जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आदेशाची एक प्रत आमच्याकडे येते आणि जमेची पावती ठाण्याकडून येते. दोन्ही जुळवून मी तक्ता भरते. सहा महिन्यांचा तक्ता झाला की त्याचा अहवाल वर जातो आणि सभागृहात मांडला जातो.

तक्त्यात एका आदेशाला एक ओळ असते. पाचवा रकाना 'शस्त्र जमा' असा आहे आणि त्यात 'होय' किंवा 'नाही' एवढेच लिहिता येते. किती शस्त्रे, हे लिहायला जागा नाही. तशी जागा असावी असे एक टिपण मी मागच्या वर्षी लिहिले होते. ते पाठवले नाही. ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात आहे.

तक्ता संगणकावर भरण्याआधी मी हाताने नोंदवहीत लिहिते. ही शाखेची जुनी पद्धत आहे आणि ती मला आमच्या साहेबांनी शिकवली. पावती हातात आली की ओळ शाईने लिहायची, तोपर्यंत पेन्सिलने. माझ्याजवळ नेहमी पेन्सिल असते म्हणून कार्यालयात मला 'पेन्सिल' म्हणतात. म्हणजे म्हणायचे. शाखेत चार टेबले आहेत, त्यांतल्या तीन टेबलांवरची माणसे बदलून गेली आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. आता साहेब एकटेच तसे म्हणतात. ते काचेच्या खोलीत बसतात आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. मला ही नोकरी त्यांच्यामुळे मिळाली.

सहामाहीच्या शेवटच्या दिवशी ज्या ओळी पेन्सिलच्या उरतात त्यांच्यासाठी शाखेत आणखी एक पद्धत आहे. ठाण्याच्या मालखान्याच्या, म्हणजे जमा वस्तू ठेवतात त्या खोलीच्या, कारकुनाला फोन करायचा. तो जमा आहे म्हणाला की ओळ शाईने करायची आणि बाजूला लाल ठिपका द्यायचा. पावती मागाहून आली की ठिपक्यावर बरोबरची खूण करायची. लाल ठिपका फक्त नोंदवहीत असतो. संगणकाच्या तक्त्यात ठिपका देता येत नाही.

या महिलेचा आदेश ९ जूनचा आहे. त्यात तिच्या नवऱ्याची दोन शस्त्रे लिहिली आहेत, एक दुनळी बंदूक आणि एक पिस्तूल. प्रत ११ जूनला माझ्याकडे आली. मी ओळ पेन्सिलने लिहिली.

१६ जूनला दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी शाखेचा फोन वाजला. वेळ नक्की आठवते, कारण मी डबा उघडत होते आणि तो फोन एरवी सहसा वाजत नाही. आदेशाच्या तळाशी 'चौकशीसाठी' म्हणून जो क्रमांक छापला आहे तो आमचा आहे. तो चुकून छापला गेला की मुद्दाम, हे मला माहीत नाही. पक्षकारांशी बोलायचे नाही, कोर्टाकडे पाठवायचे, असा आम्हाला नियम आहे. मी तसे सांगितले. ती म्हणाली, "कोर्टात विचारलं तर ते म्हणतात ठाण्यात विचारा. ठाण्यात विचारलं तर ते म्हणतात कोर्टात विचारा. तू तरी आणखी तिसरीकडे पाठव, म्हणजे माझं शहर बघून होईल." मग मी आदेश क्रमांक विचारला आणि अजून पावती आली नाही असे सांगितले. तिने आभार मानले आणि विचारले, "जेवलीस का?"

त्यानंतर तिने १९, २३ आणि २६ जूनला फोन केला. प्रत्येक वेळी सोमवारी किंवा गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत. ती कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात काम करायची आणि फोन दुकानाचा होता. मालकीण तीन मिनिटे देते असे ती म्हणाली होती. दुकानाचे नाव मी विचारले नाही. आमच्या फोनवर समोरचा क्रमांक दिसत नाही. ती कुठे राहते हे आदेशातच गुप्त ठेवले आहे, ते तिनेही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

लेखनिक हवालदारांनी मला विचारले की तीन मिनिटांत आम्ही काय बोलायचो. पहिले मिनिट पावतीचे असायचे. उरलेली दोन मिनिटे तिची. ती म्हणायची, लोक इतकी बटणं कुठे पाडतात कोण जाणे. ती म्हणायची, माझं स्वतःचं मशीन त्या घरात राहिलंय, ते असतं तर दुसऱ्याच्या दुकानात मान खाली घालून बसावं लागलं नसतं. एकदा विचारले, "तुझ्याकडे मागे कोणाचाच आवाज येत नाही गं. एकटीच असतेस का?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "माझ्याकडे आठ मशीनं चालतात, तरी तसंच." २३ तारखेपासून मी डबा एक वाजून दहा मिनिटे होईपर्यंत उघडत नसे. हे तपासाला लागणार नसेल तर काढून टाकावे, असे मी म्हणाले. हवालदारांनी ते ठेवले आहे.

३० जूनला, सोमवारी, सकाळी नोंदवहीत नऊ ओळी पेन्सिलच्या होत्या. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "पेन्सिलबाई, आज पेन्सिल शिल्लक राहता कामा नये. मागच्या वेळी एकतीस बाकी होते, सभागृहात आमची हजेरी घेतली." मी नऊ ठिकाणी फोन केले. या ठाण्याच्या मालखान्यात दुपारी सव्वातीन वाजता केला. कारकुनाला आदेश क्रमांक सांगून जमा झाले का असे विचारले. ते म्हणाले, "झालं की. माझ्या मागेच भिंतीला टेकून उभं आहे. फोन देऊ का त्याच्याकडे?" मी हसले. पावती कधी येईल विचारले. ते म्हणाले, उद्या टाकतो. किती शस्त्रे आली हे मी विचारले नाही. तक्त्यात तो रकाना नाही म्हणून विचारले नाही. मी ओळ शाईने केली आणि लाल ठिपका दिला. पाच वाजता अहवाल गेला. आदेश दोनशे चौदा, जमा दोनशे चौदा, बाकी शून्य. साहेबांनी मला चहा पाजला.

त्याच सोमवारी दुपारी तिचाही फोन येऊन गेला असावा. त्या वेळी आमची लाईन दुसऱ्या ठाण्याशी लागलेली होती.

३ जुलैला, गुरुवारी, एक वाजून बारा मिनिटांनी तिचा फोन आला. मी आधीच म्हणाले, "जमा झालं." तिच्या मागे मशीनचा आवाज येत होता. मग म्हणाली, "लांबडी आणि ती छोटी, दोन्ही?" माझ्यासमोर संगणकावर तिची ओळ उघडी होती आणि पाचव्या रकान्यात 'होय' होते. नोंदवही कपाटात होती. कपाट दोन पावलांवर आहे, पण फोनची वायर तिथवर पोचत नाही. १९ तारखेला मी रिसीव्हर टेबलावर ठेवून कपाटाकडे गेले होते तेव्हा फोन कट झाला होता आणि ती पुढचे तीन दिवस बोलली नव्हती. म्हणून मी उठले नाही. मी 'हो' म्हणाले. 'नोंदीप्रमाणे हो' असे म्हणायला हवे होते. तसे म्हटले नाही. फक्त 'हो'.

ती म्हणाली, "मग रविवारी जाऊन मशीन घेऊन येते. भाचा टेम्पो आणतो म्हणालाय. अकराला जाऊ, तेव्हा गल्लीत माणसं असतात." मी विचारले, "तिथे राहायला नाही ना जाणार?" ती म्हणाली, "राहायला? अगं, मशीनसुद्धा तिथे राहत नाही आता." मी म्हणाले की पोलिसांना बरोबर घ्या. ती म्हणाली, "पोलीस कशाला, बंदुकाच नाहीत तर तो काय नुसता ओरडणार. ओरडण्याची सवय आहे मला. तू सांगितलंस ना, मग झालं."

याच ठिकाणी मी हवालदारांना थोडे थांबायला सांगितले. त्यांनी पाणी दिले. थांबण्याचे कारण लिहावे असे मला वाटते. माझे वडील लाकडाच्या वखारीत हमाली करतात. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेले नाही. मी सहावीत असल्यापासून घरी आलेला प्रत्येक कागद मी वडिलांना वाचून दाखवते आणि ते अंगठा लावतात. मी एकदा त्यांना म्हणाले, मी चुकीचे वाचले तर? ते म्हणाले, तू सांगितलंस ना, मग झालं. म्हणून मी कागद तीन वेळा वाचते. त्या दिवशी मी एकदाच वाचला.

४ जुलैला, शुक्रवारी, दुपारी साडेतीनच्या टपालात पावती आली. पावतीवर एक दुनळी बंदूक लिहिली होती. खाली 'एकूण नग एक' असे होते. मी आदेशाची प्रत काढून पाहिली. नंतर पुन्हा पाहिली.

तीन चाळीसला मी साहेबांच्या खोलीत गेले. ते अहवालाच्या बैठकीला निघाले होते आणि एक पाय बुटात होता. म्हणाले, "सोमवारी पत्र काढू. कच्चा मसुदा करून ठेव." मी म्हणाले, ती रविवारी जाणार आहे. ते म्हणाले, "कोण ती?" मी सांगितले. ते म्हणाले, "तू पक्षकारांशी बोलतेस?" मी पावती त्यांच्यापुढे धरली. ते दुसरा बूट घालता घालता म्हणाले, "हे मी ऐकलं नाही." मला वाटते ते माझ्या भल्यासाठी म्हणाले.

चार वाजून पाच मिनिटांनी मी मालखान्यात फोन केला. कारकून म्हणाले, "एकच आणली त्याने. दुसरं विकलं म्हणाला." मी विचारले, विकल्याचा कागद दिला का? ते म्हणाले, "बाई, कागद तुम्ही मागायचा की आम्ही? तुमच्या तक्त्यात तर झालंय ना जमा?" चार पंचवीसला कोर्टाच्या कार्यालयात फोन केला. कोणी उचलला नाही. ते चारला बंद होते.

५ जुलैला शनिवारची सुट्टी होती. मी पहारेकऱ्याकडून किल्ली घेऊन दहा वाजता शाखेत गेले आणि पाच वाजेपर्यंत फोनजवळ बसले. ती सोमवार आणि गुरुवार सोडून कधी फोन करत नव्हती हे मला माहीत होते. फोन एकदा वाजला. कोणाला तरी दंतवैद्य हवा होता. जाताना पहारेकरी म्हणाले, "सुट्टीच्या दिवशीपण काम? घरी कोणी नाही वाटतं." मी किल्ली परत दिली आणि वहीत वेळ लिहिली.

६ जुलैला, रविवारी, मी घरी होते. कपडे धुतले. तिच्या नवऱ्याच्या घराचा पत्ता आदेशावर होता आणि मला पाठ होता. मी गेले नाही. कर्मचाऱ्याने पक्षकाराच्या घरी जाऊ नये असा नियम आहे. ठाण्यातही आले नाही. हे ठाणे आमच्या कार्यालयापासून बसने पस्तीस मिनिटांवर आहे. ते मला आज येताना कळले.

सोमवारी ७ तारखेला एक वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला नाही. गुरुवारी १० तारखेलाही नाही. मशीन मिळाले असेल आणि आता तिला दुकानात जावे लागत नसेल, असे मी धरून चालले. मी तसे खरोखर मानत होते की नाही, हे मला शपथेवर सांगता येणार नाही.

१४ जुलैला टपालात या ठाण्याचे पत्र आले. आमच्याकडे अशी पत्रे येतात, कारण तक्त्याचा नववा रकाना 'आदेशानंतर शस्त्राचा वापर' असा आहे. पत्रात तिचा आदेश क्रमांक होता. ६ जुलै, सकाळी अकरा वीस, पिस्तूल, गोळी मानेखाली, महिला रुग्णालयात बेशुद्ध, भाच्याच्या हाताला जखम. पत्रात असेही होते की नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे तक्रार मिटवून ती स्वखुशीने नांदायला परत आली होती आणि झटापटीत चुकून गोळी सुटली. खाली शेरा होता, 'नोंद घेऊन पोच द्यावी.'

मी पत्र साहेबांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "एका आदेशाला एक ओळ. त्या ओळीत होय गेलंय. दुसरं शस्त्र विकलेलं होतं, म्हणजे ते आदेशाबाहेरचं झालं. नवव्या रकान्यात शून्य टाक." मी म्हणाले, विकलेले असते तर ते वाजले कसे? ते म्हणाले, "चूक तुझी नाही गं, रकान्याची आहे." मी म्हणाले, "रकाना फोन घेत नाही, साहेब." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "तुझं कंत्राट ऑगस्टात संपतं. नवीन कागदावर माझी सही लागते आणि माझ्यावर आणखी कोणाची तरी. वडिलांना काय सांगशील?" ते रागावून बोलले नाहीत हे लिहावे.

मी शून्य टाकले नाही. नववा रकाना पेन्सिलने ठेवला आहे.

काल, १५ तारखेला, मी रजा घेऊन रुग्णालयात गेले. वॉर्डच्या टेबलावरच्या परिचारिकेने विचारले, "नातं काय?" मी म्हणाले, ओळखीची आहे. "ओळख कुठली?" फोनवरची. "म्हणजे पाहिलेलं नाही कधी? चेहऱ्याने ओळखाल?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मग आत जाऊन काय करणार, बाई? त्या बोलत नाहीत अजून." तिचे बरोबर होते. दाराला काच आहे. आत सहा खाटा होत्या. त्यांतली कोणती, हे मी विचारले नाही.

मी जबाब देण्याचे कारण असे की, ती नांदायला परत गेली होती हे खरे नाही. ती मशीन आणायला गेली होती, दिवसा अकरा वाजता, भाच्याला घेऊन. दोन्ही शस्त्रे जमा आहेत असे तिला सरकारी कार्यालयातून सांगण्यात आले होते म्हणून गेली होती. ते सांगणारी मी आहे. तिला बोलता येत नाही तोपर्यंत हे ठाऊक असलेली मी एकटीच आहे. भाच्याला फक्त टेम्पोचे माहीत असेल.

पुरावा म्हणून नोंदवही, मूळ पावती आणि माझे न पाठवलेले टिपण हजर करते. नोंदवही कार्यालयाबाहेर नेण्याची मला परवानगी नव्हती. कपाटात तिच्या जागी 'नोंदवही मी नेली आहे, पोलीस ठाण्यात आहे' अशी चिठ्ठी सही करून ठेवली आहे. दोनशे चौदा ओळींपैकी लाल ठिपक्याच्या नऊ होत्या. त्यांतल्या पाच पावत्या नंतर आल्या, चार अजून आल्या नाहीत. त्या चार घरांत काय आहे हे मला माहीत नाही. त्यांचे आदेश क्रमांक वेगळ्या कागदावर देते. ते आजच बघावेत अशी विनंती आहे.

मालखान्याच्या कारकुनांबद्दल मी जे सांगितले ते लिहिताना हवालदार थांबले होते. म्हणाले, "ते पलीकडच्या खोलीतच बसतात, माहीत आहे ना?" मला माहीत आहे. मघाशी ते दारात येऊन चहा आला का असे विचारून गेले. आवाजावरून मी त्यांना ओळखले. त्यांनी मला ओळखले नाही. हवालदार म्हणाले, "बाई, आरोपीसुद्धा स्वतःविरुद्ध एवढं बारीक सांगत नाहीत." पण त्यांनी सगळे लिहिले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मला आजपर्यंत कोणी कागद वाचून दाखवलेला नव्हता. नंतर मी तो स्वतः तीन वेळा वाचला आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. पहिली, चहाची वेळ. तो साहेबांनी पाच वाजता नाही, सव्वापाचला पाजला. दुसरी, वरती नात्याच्या जागी माझ्याच सांगण्यावरून 'काही नाही' असे शाईने लिहिले आहे, ते खोडावे. मग काय लिहू, असे हवालदारांनी विचारले. ती बोलू लागल्यावर तिला विचारून भरावे आणि तोपर्यंत तो रकाना पेन्सिलने ठेवावा, असे मी म्हणाले. हवालदार म्हणाले, ठाण्यात पेन्सिल नसते. माझ्याजवळ होती, ती मी दिली.

तेवढा एक रकाना सोडून, शाईने लिहिलेले बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे आणि ते खरे आहे.

(सही)